अनंता वेखंडे आणि त्याचा गोमा

सापगावात अनंता वेखंडेच्या गिरणीत भात भरडायचं, तर पोत्याबरोबर पणजोबाचं नावही न्यावं लागायचं. पट्टा फडफडतोय, कोंडा हवेत उडतोय, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, आणि भुवयांपर्यंत पांढरा झालेला अनंता गिऱ्हाइकाच्या कानाशी तोंड नेऊन ओरडतोय, "बापाचा बाप कोण?" नवखा माणूस बाह्याच सरसावायचा. जुनी गिऱ्हाइकं घरून पाठ करून यायची. डोळखांबकडच्या एका म्हाताऱ्याला काही आठवेना, तेव्हा त्यानं सुचतील ती नावं ठोकून दिली. पुढच्या वर्षी वेगळी ठोकली.

"गेल्या साली तुजा पणजा मारुती होता," अनंता म्हणाला.

"वारला तो," म्हातारा म्हणाला.

अनंता माझा शाळेपासूनचा मित्र, त्यामुळे त्याची थट्टा करण्याचा परवाना मला आहे आणि तो मी भरपूर वापरलेला आहे. शाळेत त्याला इतिहासात कधी पस्तीसच्या वर मार्क पडले नाहीत. मुघलांची वंशावळ विचारली की तो छताकडे बघायचा. पुढे वयाच्या पंचेचाळिशीत याच माणसाला वंशावळीचं वेड लागावं, हा आमच्या गुरुजींवर नियतीनं उगवलेला सूड होता.

वेड लागलं ते पंचायतीच्या निवडणुकीपायी. नव्वदच्या दशकात राखीव जागा आल्या आणि उमेदवारीसाठी जातीचा जुना पुरावा लागायला लागला. अनंताचा चुलतभाऊ रामू उभा राहणार होता. त्याला प्रचारातून सवड नव्हती, म्हणून शहापूरच्या कचेरीत खेटे घालायचं काम अनंताकडे आलं. तिथं जन्ममृत्यूच्या जुन्या, हात लावला की भुगा होणाऱ्या नोंदींमधून एक नक्कल मिळाली: "गोमा धाऊ वेखंडे, कुणबी, धंदा शेती, ताप येऊन मयत." रामू निवडणूक हरला आणि ती नक्कल विसरून गेला. अनंताला मात्र पणजोबाचा बाप सापडला होता. तो कागद घेऊन संध्याकाळी माझ्याकडे आला आणि त्या ओळीवर बोट ठेवून बसला.

"ताप येऊन," तो शेवटी म्हणाला. "मंजे बघ, साधा ताप नसनार. साध्या तापाला गोमा दाद देनार नाय."

या गोमाला तो तासाभरापूर्वी ओळखतही नव्हता.

वेखंड्यांच्या घराची रीत अशी, की थोरल्या नातवाला आजोबाचं नाव. म्हणजे गोमाचा धाऊ, धाऊचा गोमा, त्या गोमाचा पुन्हा धाऊ. वंश कसला, झोपाळाच. त्यात घरातल्या सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही. अनंताच्या थोरल्या भावाचं नाव गोमा, आणि तेच त्याच्या आईच्या सासऱ्याचं. त्यामुळे त्या माउलीनं पोटच्या पोराला जन्मभर "अरे ए" अशीच हाक मारली. पोरगा मोठा होऊन मुंबईला नोकरीला लागला, तरी कोणी "अरे ए" म्हटलं की तो अजून मागं वळून बघतो. अशा घरात कोणता गोमा कुठला, हे लावायचं म्हणजे एकाच रंगाच्या बैलांच्या कळपातून आपला बैल ओळखायचा. अनंतानं तो ओळखला. सातबाऱ्यामागचे जुने उतारे, पोलीस पाटलांच्या घरचे कागद, म्हाताऱ्यांच्या आठवणी, सगळं गोळा करून त्यानं खताच्या कंपनीची कॅलेंडरं पाठीला पाठ चिकटवली आणि त्यांवर एक झाड काढलं. बुंध्याशी गोमा. वर फांद्या, फांद्यांना फांद्या. ते झाड ओसरीवर टांगलं होतं. घरात येणाऱ्याला पाण्याआधी ते दाखवण्यात येई.

आणि गोमा दर वर्षी वाढत होता. पहिल्या वर्षी गोमानं वाघाला काठीनं हाकललं होतं. दुसऱ्या वर्षी काठी गेली, जू आलं. चौथ्या वर्षी वाघ दोन झाले. गोमाचं पाऊल हातभर होतं. गोमा एका बैठकीत पायलीभर तांदळाचा भात खायचा. तानसाचं धरण व्हायच्या आधी त्या नदीला पूर आला, तेव्हा गोमा पोहत पलीकडे जाऊन म्हैस खांद्यावर घेऊन आला होता.

"म्हैस पोहते, अनंता," मी म्हणालो. "तिला खांद्यावर कशाला घेतली?"

"घाबरली होती ती," तो म्हणाला.

त्याची बायको देवकी हे सगळं भाकरी थापता थापता ऐकायची. "तो गोमा मेला शंभर वर्सांमागं," ती मला म्हणायची, "पन माजा संसार त्याच्याच हातात हाये, भाऊ. काल गिरणीचा पट्टा तुटला तं हे झाडाला नवीन फांदी काढीत बसलेले."

अठ्ठ्याण्णव साली, मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या जत्रेत, अनंता बैल बघायला गेला आणि भाऊबंद घेऊन आला. बैलबाजारात एक म्हातारा खोंड घेऊन उभा होता. मुरबाडच्या पुढं, माळशेजच्या बाजूला आत उंबरपाडा म्हणून आहे, तिथला. आडनाव वेखंडे. हे कळताच अनंतानं खोंडाचे दात बघायचे सोडून म्हाताऱ्याचा वंश बघायला घेतला.

"बापाचा नाव?"

"गोमा," म्हातारा म्हणाला. त्याचं स्वतःचं नाव दामू.

"त्याचा बाप?"

"वाळू. सापगावशीच आलेला, म्हनतात."

अनंताच्या हातून खोंडाचा कासरा सुटला. वाळूच्या थोरल्याचं नाव गोमा. नातवाला आजोबाचं नाव. म्हणजे वाळूचा बाप गोमा. आणि सापगावच्या एका जुन्या कागदात गोमाच्या थोरल्या मुलाच्या, धाऊच्या, बरोबरीनं एक वाळू होताच. त्याचं पुढं काय झालं हे कोणाला ठाऊक नव्हतं, म्हणून अनंताच्या झाडावर ती फांदी तोडल्यासारखी उभी होती. खोंड राहिला बाजूला. त्या गर्दीत दोघं एकमेकांच्या गळ्यात पडले.

पुढच्याच पंधरवड्यात अनंता मला घेऊन उंबरपाड्याला गेला. दामूबाबांनी आम्हाला शेत दाखवलं. डोंगराच्या उताराला, एकाखाली एक, पायऱ्यांसारखी भाताची खाचरं; आणि प्रत्येकाला दगडी बांध, चुन्याशिवाय रचलेला, शंभरावर पावसाळे झेलून जागचा न हललेला. "हे गोमानी रचले, आनी वाळूला दिले," दामूबाबा म्हणाले. "सापगावचा जुना शेत थोरल्याला, हा नवा धाकट्याला." अनंतानं एका दगडाला मिठी मारून बघितली. दोन्ही हातांची बोटं एकमेकांना लागेनात. त्या दिवसानंतर त्यानं वाघ परत एकावर आणला. त्याची गरजच उरली नव्हती.

तेव्हापासून सापगाव आणि उंबरपाडा एका सुतकात आले. भाऊबंद म्हणजे दुसरं काय, तर ज्याचं सुतक आपल्याला लागतं तो. उंबरपाड्याची एक म्हातारी वारली, तर अनंतानं जन्मात न बघितलेल्या त्या बाईसाठी मिशा उतरवल्या आणि दहा दिवस गिरणीत तसाच बोडका उभा राहिला. पितरांच्या पंधरवड्यात त्याला उंबरपाड्याचं जेवणाचं बोलावणं आलं. तिथं त्यानं सवयीनं पितरांची पानं मोजली. एक जास्त भरलं.

"हा कोनाचा?" त्यानं विचारलं.

"ठाव नाय," दामूबाबा म्हणाले. "आजा वाढायचा, बाप वाढायचा, मी वाढतो. नाव नाय घेत. नुसता म्हनायचा, तुमी पन जेवा."

अनंताला ते पान फार दिवस खटकत राहिलं, कारण ते त्याच्या झाडावर कुठंच बसत नव्हतं.

मग दोन हजार तीन साल उजाडलं आणि अनंताची एकुलती एक मुलगी दिपिका एके दिवशी म्हणाली, की मला लग्न करायचंय. मुलगा शहापूरच्या कॉम्प्युटर क्लासात शिकवतो, मुरबाडकडून मोटरसायकलवर येतो, घरची शेती आहे, निर्व्यसनी आहे. अनंता खूश झाला. नाव काय? ज्ञानेश्वर. आडनाव?

दिपिका झाडाकडे बघायला लागली.

दामूबाबांचा नातू होता तो. क्लासात आधी नावं कळली होती, आडनाव नंतर कळलं, तोवर उशीर झाला होता. एका सुतकात लग्न होत नाही. भाऊबंदांची पोरं म्हणजे भाऊबहीण. पाच वर्षांपूर्वी हे आडनाव ऐकून लोकांनी नुसतं, "वेखंडे काय, पुष्कळ गावांत आहेत," असं म्हणून अक्षता टाकल्या असत्या. पण अनंतानं कागद जमवून, खात्री करून, मिशा उतरवून, सगळ्या तालुक्यादेखत सिद्ध केलं होतं की हे एकाच गोमाचे आहेत. शोधायला कोणी सांगितलं नव्हतं.

देवकीनं त्याला ते वाक्य दिवसातून किती वेळा ऐकवलं, याची मोजदाद मी करत नाही. "आना, अजून भाऊबंद शोधून आना," ती म्हणायची. "मुरबाड झाला, आता जुन्नरला जा. पोरीला तालुक्यात नवरा ठेवू नका." दिपिका रडत नव्हती, जेवत होती, कामावर जात होती, बापाशी तेवढं बोलत नव्हती. त्याचाच अनंतानं धसका घेतला. गिरणीत तो गिऱ्हाइकाला काही विचारेनासा झाला. लोक आपणहून पणजोबांची नावं सांगायला लागले, तरी तो ऐकेना.

एके सकाळी तो माझ्याकडे आला. "नाशिकला चल. उपाध्यांच्या वह्या बघायच्या. कुठंतरी माजा चुकला असंल."

आपण चुकलो असू, अशा आशेवर घाट चढलेला दुसरा वंशावळीवाला माझ्या पाहण्यात नाही. एसटीत कसाऱ्याच्या पुढं त्यानं बारीक आवाजात मला त्याच्या पुराव्यांतल्या सगळ्या कच्च्या जागा सांगितल्या. दहा वर्षं मी त्याच जागांवर बोट ठेवत होतो, तेव्हा तो माझ्याशी भांडत होता.

नाशिकला गंगेवर उपाध्यांना आडनाव आणि गाव सांगितलं, की कोणाच्या वहीत तुमचं कुळ आहे हे ते एकमेकांना विचारून सांगतात. अशा तीन दारांनंतर आम्ही एका गुरुजींच्या माडीवर पोचलो. लाल फडक्यात बांधलेल्या लांबट वह्यांच्या उतरंडी होत्या. गुरुजी आमच्याच वयाचे, चष्मा कपाळावर, मोडी अक्षरं अशी वाचत होते जशी आपण एसटीची पाटी वाचतो. चहा झाला, दुसरा झाला. मग त्यांचं बोट थांबलं.

"मौजे सापगाव. गोमा बिन धाऊ वेखंडे, कुणबी. शके अठराशेच्या पुढचं पान दिसतंय. पुत्र धाऊ. पुत्र वाळू. दोघे बरोबर आले."

अनंताचे खांदे पडले. इतकी वर्षं ज्या वाक्यासाठी तो रानोमाळ हिंडला, ते वाक्य त्याच्यासमोर होतं, आणि त्याला ते नको होतं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. गुरुजींनी पुढची ओळ वाचली आणि चष्मा कपाळावरून नाकावर घेतला.

"थांबा. हे काय लिहिलंय? 'वाळू याने आपले बापाचे श्राद्ध केले.'"

"केला असंल," अनंता म्हणाला.

"अहो, कसं करील? बाप जिवंत असताना मुलगा बापाचं श्राद्ध करत नाही. आणि गोमा तर इथं शेजारी बसलाय. त्याचीच नोंद आहे ना वर." गुरुजींनी वही डोळ्यांजवळ नेली. "पुढं ऐका. 'बापाचे नाव ठाऊक नाही. गाव घाटावर, दुष्काळात खाली आला, वाटेत मयत. गोमा याने सांगितले म्हणोन केले.'"

अनंता वहीजवळ सरकला.

गुरुजींनीच मग हळूहळू ते उलगडलं. त्या सालांच्या जवळपास घाटावर मोठा दुष्काळ होता. माणसं पोराबाळांना घेऊन खाली कोकणात उतरत होती. त्यातलाच एक वाटेत मेला. त्याचं पोर गोमानं घरात घेतलं. नाव वाळू. पोराला बापाचं नाव सांगता आलं नाही, इतकं ते लहान असणार. ते मोठं झालं, तेव्हा गोमा त्याला घेऊन पायी घाट चढला आणि नदीवर त्याच्या हातून त्या बिननावाच्या माणसाला पाणी दिलं.

"वर मात्र लिहिताना 'पुत्र धाऊ, पुत्र वाळू' असंच लिहायला लावलंय," गुरुजी म्हणाले. "मानलेला, पाळलेला, असला एक शब्द नाही. माझ्या पणजोबांनी नक्की हटकलं असणार, की बाबा, एका ओळीत हा तुझा मुलगा म्हणतोस आणि दुसऱ्या ओळीत त्याचा बाप वेगळा म्हणतोस, नक्की काय लिहू? तो म्हणाला असेल, दोन्ही लिहा."

नोंदीखाली सहीच्या जागी एक एवढासा नांगर होता. शेतकऱ्याची निशाणी नांगर, हे मी पुस्तकात वाचलं होतं, प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं. लिहिणाऱ्यानं काढला असता तर सरळ आला असता. हा वाकडा होता, शाई एका जागी सांडली होती, फाळ भलतीकडे वळला होता. ज्या हातानं उंबरपाड्याचे दगड रचले, त्या हातात बोरू धरवत नसणार. अनंतानं बोट पुढं केलं, पण कागदाला लावलं नाही. मग त्यानं वहीला नमस्कार केला, आणि मीही केला. वाघ, म्हैस, पायलीभर भात, सगळ्याची मी थट्टा केली होती. या नांगराची करता येईना.

"म्हणजे रक्ताचा संबंध नाही," गुरुजी उठता उठता म्हणाले. "लग्न करा खुशाल."

परतीच्या एसटीत अनंता कसाऱ्यापर्यंत हसत होता. खर्डीच्या आसपास म्हणाला, "दामूबाबाला सांगायला पायजे."

दामूबाबा अंगणात दोरी वळत होते. अनंतानं सगळं सांगितलं. वळता वळता त्यांचे हात थांबले.

"नाव नाय मिळाला?"

"नाय, दामूबाबा. त्या पोरालाच ठाव नव्हता."

"मंजे ते पान त्याचा." म्हाताऱ्यानं खाचरांकडे बघितलं. "बरा झाला. उपाशी नाय ठेवला त्याला." मग अनंताकडे वळून म्हणाला, "आनी तू काय सांगाया आला? का आमी गोमाचे नाय?"

अनंता नेमकं तेच सांगायला आला होता. मुलीचं लग्न त्या एका वाक्यावर अडलं होतं. वाक्य त्याच्या ओठांवर होतं, मी बघत होतो. ते बाहेर आलं नाही.

"लगनाची सोय बघून मी गोमाला सोडू?" दामूबाबा म्हणाले. आवाज चढला नव्हता. "बापानी जल्म दिला असंल, त्याला मी जेवू घालतोय. पन हे बांध कोनी घातले? माज्या बापाला नाव कोनाचा लावला? गोमानी कागदात सुद्दा परका नाय केला, आनी मी सोताला परका करू? नाय जमायचा, अनंता. पोर रुसला तं रुसू दे."

यावर अनंतानं काय करावं? खरं तर वाद घालावा. त्यानं वाकून म्हाताऱ्याच्या पायाला हात लावला.

घरी आल्यावर देवकीनं आमच्या दोघांचीही हजेरी घेतली. "तुमी लगीन जमवाया गेलेव का मोडाया? आनी भाऊ, तुमी तरी?" त्या दिवशी तिचा भाऊ हनुमान फर्डे डोळखांबहून आलेला होता. हनुमान म्हणजे बोलायला लागला की भांडणारेही थांबून ऐकतात असा माणूस. त्यानं सगळी हकिगत ऐकून घेतली, तंबाखू मळली आणि म्हणाला, "एवढाच ना? मंग पोरगी मला द्या."

"काय?"

"माज्या मांडीवर बसवा. देवासमोर. माजी लेक झाली मंजे ती फर्डेंची. फर्डेंची पोर वेखंड्यांच्या घरी दिली तं कोनाचा काय अडतंय? कन्यादान मी करीन. मामा नायतरी करतोच कुठं कुठं. दाजी, तुमच्या गोमानी वाटेवरचा पोर उचलून आपला केला, मला माजी भाची आपली करता येत नाय?"

देवकीच्या डोळ्यांत पाणी आलं, ते भावाच्या लक्षात येऊ नये म्हणून तिनं चुलीत फुंकणी घातली. अनंता उठून ओसरीवर गेला. मी त्याच्या मागं गेलो. तो झाडाकडे बघत उभा होता. आयुष्याची दहा वर्षं त्यानं वेखंडे जमा करण्यात घालवली होती, आणि आता स्वतःची एकुलती एक पोर त्यातून बाहेर काढून द्यायची होती.

"हिला वेखंड्यांतून काढायची, रे," तो मला म्हणाला. "माज्याच हातानी."

दिपिका दारात येऊन उभी होती, ते आम्हाला कळलं नव्हतं. तीन महिन्यांत ती बापाशी पहिल्यांदा बोलली.

"काढायला आधी असायला पाहिजे ना, बाबा," ती म्हणाली. "मी या झाडावर कुठं आहे?"

अनंतानं बघितलं. मीही बघितलं. ते झाड मी शेकडो वेळा पाहिलं होतं, त्याच्या अक्षराची, फांद्यांची तारीफ केली होती. वरपासून खालपर्यंत नुसते पुरुष. धाऊ, गोमा, धाऊ, गोमा. एक बाई नाही. जणू सगळे वेखंडे ढोलीतून पोपट निघावेत तसे एकमेकांतून निघाले होते.

आतून देवकीचा आवाज आला. "पोर घरात आनला गोमानी, कबूल. पन वाढवला कोनी? तिचा नाव काय?"

कोणालाच ठाऊक नव्हतं. कचेरीच्या नकलेत नव्हतं, उताऱ्यात नव्हतं, नाशिकच्या वहीत नव्हतं. त्या घरात रोज भाकरीचा एक तुकडा जास्त कोणी मोडला, दुसऱ्याच्या आजारी पोराला मांडीवर कोणी घेतलं, तिचं नाव घाटावरच्या त्या माणसाच्या नावासारखंच गेलं होतं. अनंता आत गेला आणि हनुमानासमोर बसला.

"कधी बसवायची मांडीवर?" त्यानं विचारलं.

हा समारंभ घरच्या घरी झाला. देवासमोर पाट मांडले. सव्वीस वर्षांची घोडनवरी हनुमानाच्या मांडीवर कशीबशी टेकली, हनुमान कळवळून म्हणाला, "लवकर, गुडघा जातोय," आणि त्याच्या बायकोनं तिला साडी नेसवून, तोंडात साखर घालून पोटाशी धरलं. अनंतानं दोन बोटांनी मुलीचा हात उचलून मेव्हण्याच्या हातात दिला. त्याला वाटलं होतं त्यापेक्षा ते पटकन झालं. मग तो उगीच गिरणीत जाऊन आला. भरडायला काही नव्हतं.

फर्डेंच्या मुलीला दामूबाबांची ना नव्हती. लग्न डोळखांबजवळ हनुमानाच्या अंगणात ठरलं, कारण मुलगी आता त्याची. लग्नाच्या सकाळी अनंता नवा सदरा घालून घरात घुटमळत होता. देवकी आदल्या दिवशीच भावाकडे गेली होती. तिचं ठीक होतं, ती नवरीची आत्या झाली होती. पण यानं कोण म्हणून जायचं? मुलीचा बाप हनुमान. मुलीच्या घरचा पाहुणा म्हणून स्वतःच्या मुलीच्या लग्नाला जायचं, हे त्याला जमेना. तो मला दहाव्यांदा विचारत होता.

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. उंबरपाड्याचं वऱ्हाड घेऊन निघालेला टेम्पो वाट वाकडी करून सापगावात आला होता. पुढं ड्रायव्हरशेजारी फेटा बांधलेले दामूबाबा.

"चल," ते म्हणाले. "भाऊबंद ना तू? नवऱ्यामुलाकडचा. आमच्या वऱ्हाडात तुजी जागा हाये. भाऊबंदांशिवाय वऱ्हाड जातंय कुठं?"

अनंता टेम्पोत चढला. मीही चढलो, मला कोणीच बोलावलं नव्हतं. डोळखांबला हनुमान वऱ्हाडाच्या स्वागताला तांब्या घेऊन उभा होता. त्यानं अनंताचे पाय धुवायला घेतले.

"सोड रे," अनंता पाय ओढून घेत म्हणाला.

"गप बसा, दाजी. वरपक्षाचा मान हाये. नायतर मागाहून म्हनाल, मुलीकडच्यांनी बघितला नाय."

मंगलाष्टकं सुरू झाली. अंतरपाट धरला गेला. मुलीच्या बापाची जागा मुलीच्या मागं. त्या वेळी त्याला लेकीची पाठ दिसते, मुंडावळ्यांची गाठ दिसते, बाकी काही दिसत नाही. माझ्या मुलीच्या लग्नात मला तेवढंच दिसलं होतं. तिथं हनुमान उभा होता, डोळे पुसत. अनंता अलीकडे होता, ज्ञानेश्वराच्या खांद्यामागं, दामूबाबांच्या शेजारी, मुठीत अक्षता घेऊन. शेवटचं 'सावधान' झालं, अंतरपाट खाली आला, आणि दिपिकाचा चेहरा त्याच्या समोर आला. तिनं आधी नवऱ्याकडे बघितलं नाही. त्याच्या खांद्यावरून मागं बघितलं.

अनंताची मूठ तशीच मिटलेली राहिली. सगळीकडून अक्षता पडत होत्या.

"टाक रे," दामूबाबांनी त्याला कोपरानं ढोसलं. "सून हाये आपली."